वाढत्या अंगाची रायफल

मित्रांनो, मी एक जुनी एअर रायफल आहे. माझे वजन चार किलो आठशे ग्रॅम. दाबलेल्या हवेच्या जोरावर मी साडेचार मिलिमीटरचा छर्रा दहा मीटरवरच्या कागदावर सोडते. त्या कागदावर दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो. आजवर मी कुणालाही जखम केलेली नाही. तरीही एका मुलीची मी अपराधी आहे. तेच आज तुम्हाला सांगायचे आहे.

कारखान्यात माझी परीक्षा झाली तेव्हा पाच छर्रे एकाच भोकातून गेले. पुढे नांदेडच्या बजरंग नावाच्या नेमबाजाने मला घेतले. तो सहा फूट उंच, खांदे रुंद. माझा दस्ता, म्हणजे मागचा लाकडी भाग, त्याच्या खांद्यात असा बसायचा, की जणू त्याच्याच मापाने घडवला होता. आम्ही पदके मिळवली. त्याला नोकरी लागली, वेळ उरेना, तेव्हा त्याने मला लातूरच्या एका सराव केंद्राला विकले.

तिथल्या काचेच्या कपाटात माझ्या शेजारी एक लहान रायफल होती. तीन किलो दोनशे ग्रॅम, आखूड दस्ता, रंग उडालेला. मी तिच्याकडे कधी नीट पाहिलेसुद्धा नाही.

गेल्या वर्षी केंद्राने नवशिक्या मुलामुलींसाठी लीग जाहीर केली. गंजगोलाईच्या बाजारात शाळेच्या गणवेशांचे दुकान असलेले श्रीशैलअप्पा आपल्या अकरा वर्षांच्या मुलीला, रुद्राणीला, घेऊन आले. ती जेमतेम तीस किलोची होती.

प्रशिक्षक सुदर्शन सरांनी लहान रायफल पुढे केली. "अप्पा, पोरीला ही बरी राहील."

अप्पांनी ती उलटसुलट करून पाहिली. "सर, तीस वर्सं झाली कापड विकून राहिलो. लेकराला नेहमी वाढत्या अंगाचं घ्यावं. ही घेतली तर दोन वर्सांत भंगार. ती मोठी द्या."

"जड हाय हो ती."

"पोरगी काय तेवढीच राहनार हाय का?"

सर हसले आणि त्यांनी मला कपाटातून काढले. रुद्राणीने मला उचलले. माझा दस्ता जितका आखूड होतो तितका केला, तरी तो दोन बोटे लांबच राहिला. तिचे बोट खटक्यावर जेमतेम टेकत होते. हे मला लगेच कळले. पण दिव्याच्या उजेडात माझे अक्रोडाचे लाकूड चमकत होते, सगळे माझ्याकडे पाहत होते आणि बऱ्याच दिवसांनी मला कुणीतरी हातात घेतले होते. आपणच निवडले जावे, असे मला फार वाटले. मी निवडली गेले.

सराव सुरू झाला. स्वतःच्या वजनाचा जवळजवळ सहावा हिस्सा पेलायचा म्हणून रुद्राणी कंबरेतून मागे वाकायची. माझ्या मागच्या छिद्रातून पाहण्यासाठी मान पुढे ताणायची. त्यामुळे तिचा गाल दर वेळी वेगळ्याच जागी टेकायचा. गाल हलला की नजर हलते आणि नजर हलली की छर्रा भरकटतो. एक वर, एक डावीकडे, एक कागदाच्या कोपऱ्यात.

"लटपट करून राहिलीस! सकाळी जेवली न्हाईस का?" सर विचारायचे.

"जेवले, सर."

प्रत्येक वाईट नेमानंतर ती माझ्या दस्त्याला हात लावून तो हात कपाळाला लावायची, वहीला पाय लागल्यावर लावतात तसा. चूक माझी आणि माफी तिची!

पहिल्या फेरीत वीस छर्रे, दोनशेपैकी चौऱ्याण्णव गुण. अप्पांना वाटले, रायफलच खराब असेल. सरांनी मला टेबलावर शिकंज्यात आवळले आणि पाच छर्रे सोडले. पाचही दहाच्या घरात.

"बघा अप्पा. रायफल चोख हाय. पोरीचाच हात बसला न्हाई."

मित्रांनो, कारखान्यानंतरची माझी ती सर्वांत अचूक नेमबाजी, आणि तिचीच मला सर्वांत जास्त लाज वाटते. शिकंज्याला मान नसते, खांदा नसतो, तो थकत नाही. त्या चाचणीने मी बरोबर ठरले एवढेच. मी रुद्राणीसाठी बरोबर आहे का, हे कुणी तपासलेच नव्हते.

केंद्रातून निघताना अप्पा म्हणाले, "पुढच्या फेरीत एकशेवीस झाले तरच अंतिम फेरी. न्हाई झाले तर हे बंद. ट्यूशन लावतो."

दुसऱ्या फेरीच्या दिवशी लीगचे साहित्य तपासायला नांदेडजवळच्या विष्णुपुरीहून तपासनीस रेणुकाताई आल्या होत्या. त्यांनी रुद्राणीचा हात कोपरात वाकवून माझा दस्ता त्या खाचेत टेकवला आणि म्हणाल्या, "आता बोट खटक्यावर ने."

हात न ताणता बोट पोहोचले नाही.

"ही कुणी निवडली?"

"मी," अप्पा म्हणाले. "वाढत्या अंगाची घेतली. सदऱ्याची बाही कशी दुमडून देतो आम्ही."

"अप्पा, हिची बाही कुठून दुमडू, दाखवा बरं!"

रेणुकाताईंनी कपाटातून लहान रायफल काढली. "बदलायची असेल तर सरावाला पंधरा मिनिटं हाईत."

"ऐन वेळेला नवं कशाला?" अप्पा म्हणाले. "हिची सवय झाली हाय."

रुद्राणीने मला हळूच टेबलावर ठेवले. "पप्पा, मी बदलते." तिने पहिल्यांदाच कुणाला न विचारता काही ठरवले होते.

मी टेबलावरून पाहत होते. चार महिन्यांची सवय पंधरा मिनिटांत जात नाही. लहान रायफल हातात असूनही ती सुरुवातीला मागेच वाकत होती, मान ताणतच होती. पहिल्या दहा छर्र्यांत एक्कावन्न. मग हळूहळू तिची पाठ सरळ झाली, गाल एका जागी टेकू लागला. पुढच्या दहात सहासष्ट.

एकूण एकशे सतरा. ती तीन गुणांनी बाहेर पडली.

अप्पांनी दहा-दहा छर्र्यांचे दोन्ही कागद हातात घेतले आणि बराच वेळ भोके पाहिली. पहिल्या कागदावर ती विखुरलेली होती, दुसऱ्यावर एकमेकांजवळ सरकलेली. मग ते सरांना म्हणाले, "मोठी परत घ्या, ही लहानी आम्हाला द्या. ट्यूशनचं नंतर बघू." आणि मुलीच्या डोक्यावर हात ठेवून पुटपुटले, "माझंच चुकलं, माय."

अप्पांना ते बोलता तरी आले. मला तेही करता येत नाही.

आता मी पुन्हा कपाटात आहे. कधीतरी एखादा उंच नेमबाज मला घेतो, दहा लागतात आणि "काय भारी रायफल हाय!" असे सगळे म्हणतात. मित्रांनो, माझे ऐका. नवशिक्यासाठी मला निवडताना आधी माझे गुण पाहू नका, त्याचा हात पाहा, खांदा पाहा. आणि एखादे लेकरू पुन्हा पुन्हा चुकत असेल, तर त्याला बोल लावण्याआधी त्याच्या हातात आपण काय दिले आहे ते तपासा. रुद्राणीचे ते तीन गुण हुकले नव्हते. ते मी खाल्ले होते.