दोरीवरचा सदरा

त्या घरात कपडे कायम आतच वाळत. समोर धुलाईचा कारखाना, त्याला कोळशाचा बॉयलर. बाहेर दोरी बांधली की कपड्यांवर काजळी ठरलेली. बाबांनी उभी हयात त्याच बॉयलरपुढे काढली होती आणि आता खाटेवर बसून एकेक श्वास जपून घेत होते.

कारखाना एका गुंतवणूक कंपनीच्या मालकीचा. थोरली लेक शिकून त्याच कंपनीच्या कचेरीत लागली, तेव्हा बाबांचा ऊर भरून आला. कंपनीने कोळसा बंद करायचा शब्द दिला होता. विजेवरचा बॉयलर येणार होता. घरात कोणी खोकलं की बाबा म्हणायचे, "जरा दम धर, लेक नवा बॉयलर आणतेय."

बॉयलर आला नाही. कंपनीने कारखानाच एका ठेकेदाराला विकून टाकला. जे आपल्या मालकीचं नाही, त्याचा धूर आपल्या हिशेबात धरायचा नाही, अशी त्या धंद्यातली रीत. एका सहीत कंपनी स्वच्छ झाली. येत्या वार्षिक समारंभात ही बातमी वाचून दाखवायचा मान थोरलीला मिळाला.

कंपनीचा कोळसा सुटला, समारंभात ते मी वाचणार, एवढंच तिने घरी सांगितलं. बाबा लहान मुलासारखे हरखले. पांढरा सदरा धुऊन बाहेर वाळत घाल म्हणाले, तुझ्या समारंभाला तोच घालून येतो. थोरलीला खरं सांगायला तोंड उघडवेना. तिने दारापुढे दोरी बांधली.

संध्याकाळी बाबांनी सदरा मांडीवर घेतला. खांद्यावर, कॉलरवर काळे ठिपके. एक ठिपका बोटाने पुसायला गेले, तर तो पसरला.

"बॉयलर तोच ना गं?"

"तोच, बाबा. मालक बदलला."

बाबा हसले. "माझ्या छातीतला धूरही विका म्हणावं. बघ, गिऱ्हाईक मिळतंय का." हसता हसता ढास लागली, ती काही केल्या थांबेना.

समारंभाच्या आधीच बाबा गेले.

थोरलीने कचेरीतल्या साहेबांना सांगितलं, मी हे वाचणार नाही. साहेब भला माणूस. बाबा गेल्याचं त्यांनाही वाईट वाटलं होतं. ते समजुतीने म्हणाले, "यात खोटं काहीच नाही. सगळं नियमात बसतं."

"बसतं," ती म्हणाली. "म्हणूनच माझ्या तोंडून निघत नाही."

वाचायला दुसरी मुलगी मिळाली. टाळ्याही पडल्या. थोरली तेव्हा बाहेरच्या दालनात होती. पाहुण्यांचे कोट टांगलेल्या खुंट्यांत एक रिकामी होती. तिने बाबांचा तो परत न धुतलेला सदरा तिथे अडकवला.

जाताना पाहुण्यांनी आपापले कोट काढून घेतले. डाग लागू नये म्हणून जरा जपूनच. सदरा कोणाचा, हे एकानेही विचारलं नाही.