आई बोलायला लागली

मंचरला हायवेलगतच्या घरात रत्नानं आईला, बनाबाईला, कित्येक वर्षं सांभाळलं होतं. आई फारसं बोलायची नाही. मग महिनाभर ती धाकट्या प्रज्ञाकडे पुण्याला राहिली. रत्ना तिला आणायला गेली, तर आई लहानपणच्या गमती सांगत खळखळून हसत होती. रत्नाचा जळफळाट झाला. राबायचं आपण आणि गोष्टी मात्र प्रज्ञाला!

प्रज्ञाचं घर तर उड्डाणपुलाला खेटून. पण सोसायटीतल्या बायकांनी महापालिकेत हेलपाटे घालून पुलाच्या कडेनं आवाज अडवणारी भिंत उभी करून घेतली होती. खिडक्यांनाही दुहेरी काचा होत्या.

"माझ्याकडं कधी तोंड उघडलं न्हाईस ते," रत्ना फणकारली.

"उघडत व्हते की गं. त्या ट्रकांच्या हॉर्नात तुला ऐकूच जाईना. मग दिलं सोडून."

मंचरला येताच रत्नानं मागची, शेताकडची कांद्याची खोली रिकामी केली आणि आईची खाट तिथं हलवली. मधलं दार लावून ती आईपाशी बसली.

आई लगेच बोलायला लागली, तेही प्रज्ञाच्या कौतुकानं. रत्नाला पुन्हा झोंबलं, पण ती उठली नाही.