बँडची पुरवणी

आमच्या जावयाने आजवर कुणावर आवाज चढवलेला नाही. शेजारची राज्ये मात्र त्याने एकेक करून सगळी गिळली.

दर रविवारी दुपारी आम्ही चौघे कॉम्प्युटरवर इतिहासाचा खेळ खेळतो. लेक-जावई त्यांच्या घरी, आम्ही नवराबायको आमच्या घरी, कानाला हेडफोन. प्रत्येकाला एक राज्य; कर, सोयरिकी, लढाया आपापल्या निस्तरायच्या आणि शतके ओलांडत जायचे. जावयाचे साम्राज्य आहे. लेकीचे बंदर आहे. मी एक मठ चालवतो, कारण तिथे काही घडत नाही. बायकोकडे डोंगरातले चिमुकले राज्य: एक खिंड, एक मिठाची खाण आणि मोजता न येणाऱ्या मेंढ्या. ते जावयाचे मांडलिक.

"पुढच्या रविवारी तुमचं विलीनीकरण करून टाकू, आई," जावई म्हणाला. नोकरीतही त्याचे काम छोट्या कंपन्या मोठ्यांच्या पोटात घालायचे, आणि तिथेही तो असाच गोड बोलतो म्हणे. "युद्ध नाही, रक्तपात नाही. एक बटण दाबायचं, झालं."

"आणि मग मी काय करायचं?"

"तुम्ही निवांत बघत बसा."

निवांत हा शब्द आमच्या हिला सोसत नाही. मी निवृत्त झाल्यापासून तर मुळीच नाही.

ती कपडे दुरुस्त करून देते. अंगाला न बसणारा कोट आला की आधी उलटा करते आणि कुठली शिवण कशाला धरून आहे ते बघते. सोमवारी तिने तो खेळ असाच उलटा केला. मूळ खेळाला पुरवण्या असतात, त्या वेगळ्या विकत घ्याव्या लागतात: कुणात आरमार, कुणात दरबारातली कारस्थाने. विलीनीकरणाचे बटण मूळ खेळात नव्हतेच. ते जावयाने घेतलेल्या एका पुरवणीतले होते. आणि डाव ज्याच्या कॉम्प्युटरवर मांडला, त्याच्या पुरवण्या सगळ्यांना लागू.

"आजवर डाव त्यांच्याकडेच का मांडला जातो हो?" तिने मला विचारले.

"त्याचा कॉम्प्युटर दणकट आहे."

"अस्सं."

तिने फोन करून जाहीर केले की या रविवारी डाव आमच्याकडे, आणि त्यासाठी ती एक पुरवणी विकत घेणार आहे. मांडणाऱ्याची जागा कुणीही घ्यावी, आपण केवळ सोय म्हणून ती पत्करली, असे जावयानेच शंभरदा सांगितले होते. आता त्याला नाही कसे म्हणता येणार? आजवरच्या डावाची फाईल लेकीने मुकाट्याने पाठवून दिली.

मग सल्ले सुरू झाले. लेक म्हणाली, आरमाराची घे.

"मला समुद्र कुठे आहे?"

"मला आहे ना."

मी मठांच्या पुरवणीची शिफारस केली, अगदी निःस्वार्थपणे. जावयाने विलीनीकरणवालीच सुचवली. "त्याशिवाय खेळाला मजा नाही, आई. सगळे जाणकार हेच सांगतील."

"जाणकारांची राज्यं केवढी असतात?" हिने विचारले.

तिने घेतली ती सगळ्यात स्वस्त, 'गणवेश आणि बँड' नावाची. त्यात सैनिकांना नवे पोशाख आणि प्रत्येक राज्याला स्वतःचे गीत मिळते. बाकी काही नाही. जावई खूप हसला. हसणे ओसरल्यावर मात्र लेकीला हळूच म्हणाला, "तुझ्या आईला कळलंय का, बाकीच्या पुरवण्या बंद राहतील ते?"

"आईलाच विचार ना," लेक म्हणाली.

रविवारी शिवणयंत्राला खेटून ठेवलेला आमचा कॉम्प्युटर धापा टाकत सुरू झाला. काही सोयी उपलब्ध नसतील, पुढे जायचे का, असे त्याने विचारले. हिने होकार दिला. साम्राज्य जसेच्या तसे उघडले, फक्त ते बटण नव्हते.

"आई, आता मला युद्ध करावं लागेल," जावई म्हणाला. आवाजात खरोखरीचे दुःख होते.

"या ना. पण खिंडीतून चालत या."

तो निघाला. पण सगळ्यांचा काळ आमच्या कॉम्प्युटरच्या चालीने चालणार, आणि आमच्या कॉम्प्युटरला गुडघ्यांचा त्रास. त्याची फौज खिंडीत पोचेतो हिवाळा लागला.

"जरा वेग वाढवता का, आई?"

"एवढाच आहे. तुम्ही निवांत बघत बसा."

बर्फात साम्राज्याची माणसे गारठू लागली, शिधा संपत आला. वरच्या कड्यावर हिच्या पलटणी उभ्या होत्या. त्यांचे गणवेश तिने स्वतः निवडले होते: डाळिंबी, बाह्या नीट बेतलेल्या. शत्रू दिसताच बँड सुरू झाला. पुरवणी सगळ्यांना लागू असल्यामुळे तो चारही हेडफोनांत वाजत होता. जावयाच्या माणसांनी पाऊल मागे घेतले तरी पुन्हा पहिल्यापासून.

"हे बंद कुठून होतं?" त्याने विचारले.

"इथून," ही म्हणाली आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

लेक हसते आहे हे तिने तोंड दाबले तरी ऐकू येत होते. मी मठातून कुणाचीच बाजू घेतली नाही. तशी मला सवय आहे.

अखेर पडद्यावर साम्राज्याचा दूत आला: फौज माघारी, मांडलिकी रद्द, खिंड आणि खाण तुमचीच.

"आई, तह मंजूर करा," जावई म्हणाला.

"करते. गीत संपू दे," ही म्हणाली. "आणि तोवर सम्राटांनी उभं राहायचं असतं."

हेडफोनात खुर्ची सरकल्याचा आवाज आला.