सातवा खिळा

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी फळी आहे. लांबी दीड हात, जाडी दोन बोटे आणि अंगात बारा खिळे. लाकडाला काही वाटत नाही, असे तुम्ही म्हणता. बहुतेक तसेच असावे. म्हणूनच जे झाले ते मी न रडता सांगू शकते.

मी मूळची एका मोठ्या झाडाची. दारे-खिडक्या कापून उरले ते मी. लाकडाच्या डेपोत पडून होते, तेव्हा वनपाल गुणवंतरावांनी मला उचलले. चंद्रपूरहून जंगलात शिरणाऱ्या रस्त्यावर त्यांचा नाका होता. त्या वर्षांत वाघ पाहायला येणाऱ्यांची गर्दी फार वाढली होती. उन्हाळ्यात साऱ्या गाड्या एकाच पाणवठ्याला गराडा घालत. लोक टेप लावत, डबे उघडत आणि 'वाघ कुठे आहे हो?' असे मोठ्याने विचारत. जनावरे तहानलेली दूर झाडीत उभी राहत. सांबराची एक मादी पाण्यापासून शंभर पावलांवर मरून पडली, तेव्हा गुणवंतरावांनी ठरवले, एका वेळी आत बाराच गाड्या.

त्यांनी पत्र्याचे एक ते बारा नंबरचे लाल बिल्ले केले. आत जाणाऱ्या गाडीला एक बिल्ला द्यायचा, बाहेर येताना तो परत घेऊन माझ्यावर टांगायचा. सगळे खिळे रिकामे झाले की फाटक बंद. एवढी साधी युक्ती होती.

हे काम केवळरामकडे आले. तो जवळच्याच गावचा, तळ्यावर मासे मारणाऱ्या घरातला. त्यांच्याकडे एक रीत होती. जितके जण पाण्यात उतरले तितके बाहेर आलेले पाहिल्याशिवाय कोणी काठ सोडायचा नाही. केवळरामने तीच रीत नाक्यावर आणली. रोज संध्याकाळी तो बोट लावून माझे खिळे मोजायचा. 'बारा झाले' म्हणायचा आणि मगच घरी जायचा.

लोक त्याच्याशी हुज्जत घालत. एकदा एक साहेब म्हणाले, "अरे, एका गाडीने काय फरक पडतो?"

"एकानंच पडते, साहेब," केवळराम म्हणाला. "बिल्ला नाई त गाडी नाई. बसा सावलीत, पाणी प्या."

दोन उन्हाळ्यांत पाणवठ्यावर सांबरे परतली. मोठे अधिकारी आले, मला थोपटून गेले. तेव्हा मला अभिमान वाटला होता. अभिमान कसा असतो, हे आता नीट आठवत नाही.

चौऱ्याऐंशी सालचा मे महिना होता. फाटक बंद व्हायच्या वेळी सात गाड्या एकदमच बाहेर आल्या. मधल्या एका गाडीत एक लहान मुलगी उन्हाने उलट्या करत होती. तिचा खोळंबा नको म्हणून केवळरामने फाटकाचा आडवा बांबू वर बांधून ठेवला आणि टोपली पुढे केली. "बिल्ले याच्यात टाका अन् निघा," तो म्हणाला. एरवी बिल्ला हातात आल्याशिवाय तो बांबू हलवत नसे. त्या दिवशी दयेपोटी चुकला; घाईत गाड्या मोजायच्याही राहिल्या.

मग त्याने बिल्ले टांगले. अकराच भरले. सातवा खिळा रिकामा होता.

त्याची बायको कुंता तेवढ्यात भाकरी घेऊन आली. तो सायकल काढत होता आणि कॅनमध्ये पाणी भरत होता.

"आता काऊन जाता? येतीन ना थे," ती म्हणाली.

"गाडी बिघडली असन. लेकरं असतीन आत, पाणी संपलं असन त्याईचं. खिळा खाली हाये, कुंता."

"जेवून त जा."

"येतो मी. तू बस इथी."

ती माझ्याखाली, नाक्याच्या ओट्यावर बसली. तो आला नाही. उजाडल्यावर गावचे चौघे आत गेले आणि त्याला बाजेवर घालून घेऊन आले. पाणवठ्याच्या वळणावर अस्वलाने गाठले होते. सायकल बाजूला पडली होती. कॅन झाडाला टेकवून ठेवलेला होता, पाण्याने भरलेला. आत एकही गाडी नव्हती.

त्यानंतर कुंता रोज संध्याकाळी यायची. ओट्यावर बसून माझ्याकडे पाहायची. कोणी तिला उठवले नाही. मलाही काही वाटत नव्हते. दिवसभर बिल्ले यायचे-जायचे, मी ते धरून ठेवायचे.

तेराव्या दिवशी टपालाने एक पाकीट आले. आत सात नंबरचा बिल्ला होता आणि एक चिठ्ठी. गुणवंतरावांनी ती वाचली: 'मुलांना आवडला, म्हणून आठवणीसाठी ठेवला होता. आपला नियम आठवला, म्हणून परत पाठवत आहे. सहल फार छान झाली.' पुढे त्यांना वाचता येईना.

कुंताने त्यांच्या हातातून बिल्ला घेतला. पदराने पुसला आणि सातव्या खिळ्यावर टांगला. मग बोट लावून पहिल्यापासून मोजले.

"बारा झाले," ती म्हणाली, आणि घरी गेली. परत ती आली नाही.

गुणवंतरावांची बदली झाली. नाका पक्का बांधला गेला. आता कागदाची चिठ्ठी देतात आणि येईल त्या गाडीला देतात. पाणवठ्याला पुन्हा गराडा पडतो, असे रखवालदार बोलतात. मी मागच्या खोलीत फावड्यांखाली पडून आहे. बिल्ले कुठे गेले, मला ठाऊक नाही. खिळे गंजले, पण सगळे शाबूत आहेत.

मित्रांनो, जंगल पाहायला जरूर या. थांबा म्हटले तर थांबा. आठवण म्हणून काही उचलावेसे वाटेल, ते तिथेच राहू द्या. आणि बाहेर पडताना फाटकावर थांबून 'आम्ही आलो' एवढे सांगा. तिथे कोणीतरी तुम्हाला मोजत असतो, आणि आकडा जुळल्याशिवाय तो घरी जात नाही.