चिमट्यातलं भूत

प्रताप नगरातल्या एका सभागृहात, मे महिन्याच्या भर दुपारी, शंभरेक म्हातारेकोतारे एकमेकांच्या हातांना चिमटे काढत बसले होते. चिमटेबाबा आले होते ना! बाबा हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरून उचलायचे आणि सोडायचे. लगेच खाली बसली तर ठीक; उभी राहिली तर आत भुतानं मूठ आवळलेली. आणि म्हाताऱ्यांपैकी जवळजवळ प्रत्येकाची ती उभीच राहायची.

उपाय सोपा होता. मंतरलेलं पाणी, जाग असेपर्यंत दर तासाला अर्धा पेला, अकरा दिवस. गंमत म्हणजे त्यानं माणसं खरंच टुणटुणीत व्हायची आणि बाबांचा जयजयकार व्हायचा.

पंचाहत्तरीच्या प्रयागबाईंना उठलं की भोवळ यायची, मध्येच भलतंसलतं बोलायच्या. मुलगा चंद्रभान त्यांना बाबांकडे घेऊन गेला, नेमका पणतू जन्मला त्याच दिवशी. मूठ सुटेपर्यंत बाळाला हात लावायचा नाही, असं बाबांनी बजावलं. पणतवाला दारातूनच बघत बिचारीनं अकरा दिवस पाणी ढोसलं. भोवळ पळाली, बोलणं ताळ्यावर आलं, बाई अंगणात तुरुतुरु चालायला लागल्या.

बाराव्या दिवशी बारशाला बाबा पाहुणे. चिमटा काढला, तर कातडी उभी ती उभीच.

"भूत जिद्दी है," बाबांनी डोळे मिटले. "अजून सव्वा महिना बाळापासून दूर."

प्रयागबाईंनी पाळण्याकडे पाहिलं. मग मात्र त्यांना भयंकर राग आला.

"चक्कर गेली, मंग भूत काहून बसून राहिलं, बाबाजी? आना बरं तुमचा हात."

सत्तरीच्या बाबांना काही कळायच्या आत त्यांनी सणसणीत चिमटा काढला. बाबांची कातडी उभी राहिली. घरभर हशा पिकला.

"हम दुसऱ्यांची भुतं अंगावर घेतो," बाबा चाचरले.

"मंग तुम्हीही माह्या बाळापासून दूर सरका," पाळण्यापाशी बसलेली नातसून वैभवी म्हणाली. ती एका दवाखान्यात परिचारिका, सध्या बाळंतपणाच्या रजेवर. बाबांचा चिमटा तिनं आज पहिल्यांदाच पाहिला होता. तिनं सगळं उलगडून सांगितलं. वय झालं की कातडीचा ताण जातो, म्हणून ती वर राहते. भूत-बित काही नाही. आणि वय झालं की तहानही नीट कळत नाही. त्यात सारखं बाथरूमला उठावं लागतं म्हणून आजी पाणीच टाळायच्या. उन्हाळ्यात शरीर सुकलं, डोकं गरगरलं, बोलणं बिघडलं.

"तुम्हाले पाण्यानं बरं केलं, आजी. मंत्र नसता तरी तेवढंच बरं वाटलं असतं. फक्त हृदयाचं किंवा किडनीचं दुखणं असंल त्यानं किती प्यायचं ते डॉक्टरले विचारावं."

एवढं बोलून तिनं बाळ उचललं आणि आजेसासूच्या मांडीवर ठेवलं. प्रयागबाई हसता हसता रडल्या. चंद्रभान मान खाली घालून उभा राहिला आणि बाबा जेवायलाही थांबले नाहीत.

तेव्हा मंडळी, घरातल्या म्हाताऱ्यांना तहान लागायची वाट पाहू नका, आपणहून पाणी द्या. आणि कुणी बरं झालं तर ते कशानं झालं, हे विचारायला लाजू नका. प्रयागबाईंनी ते विचारलं नसतं, तर ते बाळ आणखी सव्वा महिना त्यांना लांबूनच बघावं लागलं असतं.