ड्रॉप घे

"व्हिसा तुमच्या बहिणीला मिळालेला नाही, मॅडम. तिच्या हजेरीला मिळालाय," कन्सल्टंट बाई म्हणाल्या होत्या. "एक विषय जरी सोडायचा झाला, तरी आधी तिथल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसला विचारायचं. आधी विचारायचं, मग सोडायचं. उलटं केलंत तर देवसुद्धा काही करू शकणार नाही."

ताईचं अर्धं लक्ष मांडीवरच्या लेकीकडे होतं. लेकीने टेबलावरचा स्टेपलर खायचा चंग बांधला होता. "अहो, आमच्या घरात हजेरीची बक्षिसं हिनेच आणलीत," ताई हसून म्हणाली आणि स्टेपलर ओढून घेतला. तिची धाकटी बहीण, जिला घरात सगळे बारकीच म्हणत, शेजारी बसून पासपोर्टातला व्हिसा पुन्हा पुन्हा उघडून बघत होती. बाईंचं बोलणं तिच्याही कानांवरून गेलं.

त्या व्हिसासाठी सगळं घर मुलाखतीच्या तालमीला जुंपलं होतं. ताईचा नवरा गॉगल लावून अधिकारी व्हायचा.

"शिक्षण संपल्यावर काय करणार?"

"परत येणार."

"कशावरून?"

"कशावरून म्हणजे काय, भावोजी? आमच्यात घरातून निघताना जाते म्हणतच नाहीत. येते म्हणतात."

"नापास! साहेबाला कविता नकोय, पुरावा पाहिजे."

"पुरावा मीच की," स्वयंपाकघरातून आई म्हणायची. "मी इथे बसलेय म्हटल्यावर कुठे जाईल ती?"

विमानतळाच्या दारातून आत शिरताना बारकी वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ओरडली, "येते गं!" आजूबाजूची माणसं बघायला लागली. आईचे डोळे भरले होते, तरी ती हसली.

पहिलं सत्र झकास गेलं. दुसऱ्यात बारकीचा आवाज बदलला. घरात लहान मूल असलं की कान फार तिखट होतात. कुठलं रडणं भुकेचं, कुठलं झोपेचं, हे भिंतीपलीकडून कळतं. बारकीचा "मी मजेत" खोटा आहे, हे ताईला असंच कळलं. एका दुपारी पाण्याच्या जगला फोन टेकवून ती लेकीला भरवत होती, तेव्हा तिने सरळ विचारलं.

"झोपतेस का गं?"

"नाही येत झोप. आणि वर्गात बसलं की छातीत धडधडतं, ताई. फळ्यावरचं दिसतं, पण आत काही जात नाही."

"डॉक्टरकडे जा."

"काय सांगू त्यांना? फळा गिळता येत नाही?"

दोघी हसल्या. लेकीने तेवढ्यात तोंडातला घास फोनवर उडवला. तो पदराने पुसत ताई म्हणाली, "मग ड्रॉप घे ना, बये. मी नव्हता घेतला दुसऱ्या वर्षाला, कावीळ झाली तेव्हा? काय आकाश कोसळलं?"

"घेऊ म्हणतेस?"

"घे. डिग्री कुठे पळून जातेय?"

ताईच्या कॉलेजात ड्रॉप म्हणजे घरी बसून बरं व्हायचं आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्याच बाकावर जाऊन बसायचं. शिपाईसुद्धा "आलात का?" म्हणून विचारायचा. बारकीने त्या दिवशी विद्यापीठाची वेबसाइट उघडली. प्रत्येक विषयासमोर एक बटण होतं आणि त्याच्यावर तोच शब्द होता. ड्रॉप. अगदी ताईच्या तोंडचा. तिने दोन विषयांसमोर तो दाबला आणि कित्येक आठवड्यांनी गाढ झोपली.

मग ईमेल आली. ठरल्यापेक्षा कमी विषय राहिल्यामुळे तुम्ही आता पूर्णवेळ विद्यार्थी नाही. परवानगी घेतलेली नाही. सबब तुमची व्हिसाची नोंद बंद केली आहे. सोडलेले विषय परत घ्यायची मुदतही उलटून गेली होती.

"म्हणजे काय, ताई?" बारकीने विचारलं.

"काही नाही. कारकुनी घोळ असणार," ताई म्हणाली आणि लेकीला कडेवर घेऊन तशीच कन्सल्टंट बाईंकडे गेली.

बाईंनी ईमेल वाचली. 'मी सांगितलं होतं' असं त्या म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं.

"डॉक्टरचं पत्र घेऊन ती आधी ऑफिसात गेली असती, तर त्यांनीच तिला विषय कमी करून दिले असते."

"हेच दोन?"

"हेच दोन."

"मग आता नेऊन देते पत्र. आजारी तर ती तेव्हाही होतीच."

"मॅडम, आता ते नुसतं आजारपण आहे. परवानगी नाही."

तरी नोंद पुन्हा चालू करा म्हणून अर्ज केला. डॉक्टरचं पत्र जोडलं, प्राध्यापकांचं जोडलं. लेक झोपली की ताई विद्यापीठाचे नियम वाचत बसायची. तिला सगळं नीट कळलं, आणि एवढ्या उशिरा कळलेल्याचा काडीचा उपयोग नव्हता. अर्ज नामंजूर झाला. देश सोडा, असं उत्तर आलं.

"ये निघून," ताई म्हणाली. "पुन्हा अर्ज करू."

"आता हा पासपोर्ट बघून व्हिसा कोण देणार? आणि आईला काय सांगू?"

"मी सांगते ना. माझ्यामुळे झालंय."

"तुझ्यामुळे काही नाही गं. बटण मी दाबलं." मागे कुठेतरी मोठी यंत्रं फिरल्यासारखा आवाज येत होता. कुठे आहेस विचारलं तर बारकीने विषय बदलला, भाचीला किती दात आले ते विचारलं. मग म्हणाली, "चल, जाते."

ताई चमकली. "काय म्हणालीस?"

फोन बंद झाला होता.

त्यानंतर तो लागलेला नाही. खोलीतली मैत्रीण सांगते, बॅग घेऊन गेली, कुठे ते बोलली नाही. पोलिसांत जावं, तर ते आधी व्हिसा विचारणार. आईला वाटतं, परीक्षा चालू आहे. ती रोज विचारते आणि ताई रोज एक नवीन पेपर काढते. आता विषयही संपत आलेत.

म्हणून ताई हे वाचणाऱ्यालाच विचारते. तुम्ही परदेशात असाल किंवा तुमचं कोणी तिकडे असेल, तर जरा बघा. लाँड्रीत, हॉटेलच्या मागच्या दाराशी, कुठेही. अंगाने बारीक, डाव्या भुवईत लहानपणच्या झोपाळ्याची खोक, कप दोन्ही हातांनी धरते. तिला व्हिसाचं काही विचारू नका, पळून जाईल. जेवलीस का, एवढंच विचारा. आणि तिथून निघताना ती येते म्हणते की जाते, तेवढं ऐकून ताईला कळवा.