वर्षाचा शिक्का

आम्ही इलोकोसची माणसं कवडीचुंबक, असं सगळं फिलिपिन्स म्हणतं. आम्ही ते नाकारत नाही. नाकारायला तोंड चालवावं लागतं, तेवढी मेहनत तरी फुकट का घालवा? म्हणून मी जेव्हा माझं आणि नवऱ्याचं मनिलाचं तिकीट दोन वेगळ्या विमानांचं काढलं, तेव्हा कुणाला संशयसुद्धा आला नाही. माझी धाकटी बहीण देलिया फोनवर पोट धरून हसली.

"मानांग पुरिंग, स्वस्त पडतंय म्हटल्यावर तू नवऱ्याचेसुद्धा दोन तुकडे करशील गं!" थोरल्या बहिणीला आमच्यात मानांग म्हणतात, आणि तिच्या नवऱ्याला मानोंग.

"दोन तुकडे केले तर दोन तिकिटं लागतील," मी म्हटलं. "तो सकाळी दहाला उतरेल, मी संध्याकाळी पाचला. तू त्याला खाऊ घाल, मी येतेच."

"आणि शिक्का? मानोंग पोल्डी एकटा आला तर तीसच दिवस देतील की."

"तीस पुष्कळ झाले," मी म्हटलं आणि नानांगच्या गोळ्यांकडे विषय वळवला. नानांग म्हणजे आमची आई.

शिक्क्याचं सांगते. परदेशातून घरी येणाऱ्या आमच्या माणसाला बालिकबायन म्हणतात. त्याच्या शेजारी उभं राहून आलेल्या परदेशी नवऱ्याला किंवा बायकोला विमानतळावर एक वर्षाचा शिक्का मिळतो. लग्नाचा दाखला दाखवायचा आणि एकत्र उभं राहायचं, बस. एकटा आला तर तीस दिवस. ते वाढवून मिळतात, पण त्यासाठी कचेरीत खेटे घालावे लागतात, आणि ज्याला निघायचंच असतं तो कशाला खेटे घालील? तिसरा रस्ता कायम राहण्याच्या व्हिसाचा: पोलिसांचा दाखला, छातीचा एक्स-रे, वकिलातीत मुलाखत. व्हिएन्नातल्या आमच्या स्वयंपाकघरात बसून मी हे तिन्ही रस्ते महिनाभर मनातल्या मनात चालून पाहिले. पोल्डीला मात्र अवाक्षर बोलले नाही.

पोल्डी म्हणजे लिओपोल्ड, चौतीस वर्षं ट्राम चालवून निवृत्त झालेला. मी तिथल्याच एका इस्पितळात नर्स होते. आमच्या लग्नाला एकतीस वर्षं झाली. मूलबाळ नाही. दर फेब्रुवारीत तीन आठवडे आम्ही बादोकला नानांगकडे जायचो. दर वेळी काउंटरवर वर्षाचा शिक्का मिळायचा, आणि दर वेळी माझा जीव हळहळायचा. "वर्ष दिलंय आणि आपण तीन आठवडे वापरणार! बाकीचं वाया!" पोल्डी म्हणायचा, "उरलेलं डब्यात भरून घे."

पण खरं दुखणं वेगळंच होतं. बादोकच्या घरात पोल्डी बॅग कधी कपाटावर ठेवायचा नाही. ती पलंगाच्या पायथ्याशी उघडीच असायची, अर्धी भरलेली. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तो रोज सकाळी पेन्सिलीने एक दिवस खोडायचा. निघायच्या आदल्या दुपारी दोघांच्या बॅगा बांधून दाराशी तयार. एका वर्षी, एकोणिसाव्या दिवशी, बनियनवर पंख्याखाली बसून तो म्हणाला होता, "अजून एक आठवडा राहिलो तर मी वितळेन. मग मला बाटलीत भरून न्या." सगळे खो खो हसले. मीही हसले, पण ते वाक्य मी गाठीला बांधून ठेवलं.

आता नानांग शहाऐंशीची. गेल्या वर्षी अंगणात पडली तेव्हापासून ती काठीशिवाय चालत नाही, आणि सकाळचं दुपारी विसरते. आजवर देलियाने तिचं सगळं केलं. पण देलियाची मुलगी हवाईत बाळंत होणार होती, आणि तिकडे जायचे देलियाचे कागद बारा वर्षांनी एकदाचे आले होते. पाळी माझी होती. एक वर्ष तरी राहायला हवं होतं.

मी पोल्डीला सांगितलं तेव्हा तो बटाटे सोलत होता. "मी नानांगजवळ राहीन. तू महिनाभर ये आणि मग परत जा."

"महिनाभर," तो म्हणाला. सालीची लांब पट्टी तुटू न देता त्याने बटाटा संपवला. "हं."

"तिकिटं वेगळी काढलीत. तुझं स्वस्तात मिळालं."

"हं."

एकतीस वर्षांत त्याचे सगळे 'हं' मला पाठ झालेत. हा मात्र कळला नाही, आणि मी जाणून घेतलाही नाही. कारण मी विचारलं असतं तर तो 'हो' म्हणाला असता. मला 'नाही' म्हणणं त्याला जमत नाही. मग वर्षभर तो त्या उकाड्यात घामाघूम होऊन बसला असता, आणि मी रोज त्याच्या तोंडाकडे बघत अपराधी झाले असते. त्यापेक्षा कायद्यानेच त्याला घरी पाठवावं. तीस दिवस झाले, शिक्का संपला, चला. म्हणून लग्नाचा दाखलासुद्धा मी ड्रॉवरमध्ये टेबलावरच्या चादरींच्या तळाशी सरकवला. नंतर न्हाणीघरात नळ सोडून थोडी रडले. थोडीच. पाणी वाया जात होतं.

मनिलाला विमान टेकलं आणि मी फोन चालू केला. देलियाचे अकरा फोन येऊन गेले होते. बाराव्याला मी उचलला.

"मानांग! मानोंग पोल्डी बाहेर आलाच नाही!"

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे! दहाचं विमान दहाला आलं. सगळे बाहेर आले, विमानातल्या पोरीसुद्धा टाकटुक करत निघून गेल्या. मी सात तास नावाची पाटी धरून उभी आहे, हाताला मुंग्या आल्या. इथे विचारलं तर म्हणतात, आम्हाला ठाऊक नाही. त्याचा फोनही बंद आहे!"

फोन बंद असणारच. परदेशात फोन चालू ठेवायचा नाही, हा नियम माझाच. माझी पाचावर धारण बसली. त्याला रक्तदाब आहे. कुठे पडला असेल? की मधल्या विमानतळावरूनच माघारी फिरला? आणि फिरला असेल तर त्याला कारण कोण? मीच ना. जन्मभर मी परक्यांच्या नवऱ्यांच्या उशाशी बसले, आणि माझा स्वतःचा मी एका शिक्क्यासाठी एकटा सोडला. त्या लांबलचक वाटेने मी चौसष्टाव्या वर्षी धावले. लोक बाजूला होत होते.

पासपोर्ट तपासणीच्या दालनात शिरते तोच गणवेशातली एक जाडजूड बाई आडवी आली.

"मॅडम, तुम्ही पुरिंग का?"

"हो. माझा नवरा..."

"आलात एकदाच्या! अहो, तुमचे सर सकाळपासून इथे ठाण मांडून बसलेत. तीनदा सांगितलं, सर, रांग मोकळी आहे, जा. म्हणतात, बायको येतेय. मी म्हटलं, बायको बाहेर भेटेल की. म्हणतात, बाहेर नको, इथेच हवी!" तिने हनुवटीने कोपऱ्याकडे दाखवलं.

कोपऱ्यातल्या बाकावर पोल्डी बसला होता. कोटाची घडी मांडीवर, बूट काढून शेजारी नीट लावलेले, हातात अर्धा पाव. मला पाहून त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"चौदा मिनिटं उशीर," तो म्हणाला.

"पोल्डी! अरे सात तास! बाहेर देलिया रडकुंडीला आलीय! तुला काही झालं असतं म्हणजे?"

"काय व्हायचंय? गार हवा आहे, संडास आहे. या बाईंनी आपल्या डब्यातला पाव दिला."

"पण का? पुढे का नाही गेलास?"

त्याने कोटाच्या आतल्या खिशातून प्लॅस्टिकचं पाकीट काढलं. आत आमच्या लग्नाचा दाखला होता.

"चादरींच्या खाली होता," तो म्हणाला. "एकतीस वर्षं हा माझ्या खिशात प्रवास करतो. निघायच्या आदल्या दिवशी पाहतो तर नाही. म्हटलं, पुरिंग विसरली. मग म्हटलं, जी बाई जुने रबरबँड कुठल्या बरणीत आहेत ते विसरत नाही, ती हा विसरेल? मग मी तिकिटं काढून बघितली. माझं स्वस्त नव्हतं. दोघांचं एकत्र काढलं असतं तर स्वस्त पडलं असतं." त्याने माझ्याकडे पाहिलं. "तेव्हा मी घाबरलो. पुरिंग जास्त पैसे मोजतेय म्हणजे काहीतरी फार गंभीर आहे."

मी बाकावर बसले.

"मी नको असेन तर तसं तोंडाने सांग," तो हळू म्हणाला. "शिक्क्याकडून कशाला सांगवतेस?"

"नको कसा असशील रे बाबा!" माझा आवाज चढला, दोन माणसं वळून बघायला लागली. "तुला इथे कोंडायचं नव्हतं मला. तुला इथे जड जातं. ती बॅग तू कधी रिकामी करत नाहीस. रोज कॅलेंडर खोडतोस. एक दिवस आधीच सगळं बांधून दाराशी ठेवतोस. मला काय डोळे नाहीत?"

पोल्डीने पाकीट पुन्हा खिशात ठेवलं.

"पहिलं वर्ष आठवतं?" तो म्हणाला. "निघायच्या दिवशी तू आईच्या खाटेवर बसून रडत होतीस, आणि बॅग रिकामी. विमान चुकता चुकता राहिलं. तेव्हापासून मी रोज दोन-दोन वस्तू भरत गेलो. शेवटचा अख्खा दिवस तुला आईजवळ बसायला मिळावा म्हणून. आणि कॅलेंडर? रोज डोळे उघडल्याबरोबर कोण विचारायचं, पोल्डी, किती दिवस उरले? मी का विचारायचो?"

मीच विचारायची. दर सकाळी. अंथरुणातूनच.

एकतीस वर्षं तो माझ्यासाठी बॅग भरत होता, आणि मी ती त्याच्या नावावर मांडत होते. मला त्याचा हात धरावासा वाटला, आणि मी धरला, पावासकट.

"आणि ते वितळणं?" मी नाक पुसत विचारलं.

"ते खरंय. भयंकर उकडतं. वितळेन मी." त्याने उरलेला पाव माझ्या हातात दिला. "पण तिकडे एकटा राहून करू काय? बटाटे कुणासाठी सोलू?"

"वर्षभर राहशील इथे?"

"विचारतेयस?"

"विचारतेय."

"मग हो." तो वाकून बूट घालू लागला. "परतीचं तिकीट मात्र वाया जाईल."

"जाऊ दे," मी म्हटलं. वाया जाणाऱ्या वस्तूबद्दल मी हे दोन शब्द जन्मात पहिल्यांदा बोलले.

काउंटरवरचा अधिकारी तरुण आणि काटेकोर होता. दाखला पाहिला, मग दोन्ही विमानांची तिकिटं पाहिली आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"सर, तुमचं विमान सकाळी दहाचं. मॅडमचं आत्ताचं. मग तुम्ही एकत्र कसे?"

"मी सकाळपासून एकत्रच आहे," पोल्डी म्हणाला. "हिलाच उशीर झाला."

मागून ती जाडजूड बाई ओरडली, "मार शिक्का, पोरा! साक्षीला मी आहे. माझा पाव खाल्लाय त्यांनी!"

अधिकाऱ्याने ओठ दाबले, पण हसू दिसलंच. शिक्का बसला. पोल्डीने पासपोर्ट डोळ्यांजवळ नेऊन तारीख वाचली, मग माझ्यापुढे धरली. पुढच्या वर्षाची तारीख होती. इतकी वर्षं मी ती पाहत आले होते, पण आपल्याला मिळाली असं त्या दिवशी वाटलं.

त्याची बॅग बेवारस सामानात जाऊन पडली होती. ती सोडवून बाहेर आलो तर देलियाने आधी त्याला मिठी मारली, मग मला धपाटा. "स्वस्तातलं तिकीट गं बाई! आता दिवसभराचं व्हॅनचं भाडं भर!" मी भरलं. तिने ही गोष्ट ज्याला सांगितली नाही असा माणूस आता शोधून सापडायचा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बादोकला पोचलो. नानांग खिडकीजवळ काठी मांडीवर घेऊन बसली होती. मी तिच्या पायाशी बसले, तिने माझा चेहरा हातांनी चाचपला आणि जे ती दर वर्षी पहिल्यांदा विचारते तेच विचारलं.

"परत कधी जाणार?"

दर वर्षी हा प्रश्न आला की मी तारीख सांगायची. आताही सवयीने तोंड उघडलं. तेवढ्यात मागे स्टूल ओढल्याचा आवाज झाला. पोल्डीने बॅगेतलं सगळं पलंगावर ओतलं होतं, आणि घामाने थबथबलेला तो स्टुलावर चढून रिकामी बॅग कपाटावर ढकलत होता. ती एका बाजूने अडत होती. त्याने आणखी एक धक्का दिला आणि ती पार भिंतीला जाऊन टेकली.

"नानांग विचारतेय, परत कधी," मी त्याला सांगितलं.

"तिला म्हणावं, आता ती बॅग खाली काढायला मला शिडी लागेल," तो म्हणाला, "आणि या घरात शिडी नाही."

मी नानांगला ते सांगितलं. तिने थोडा विचार केला.

"शेजाऱ्यांकडे आहे," ती म्हणाली. "पण मागू नका."